रिहर्सलला ठणठणीत, मंगलाष्टकांना गायब: वायरलेस कॉलर माइकचा तुटणारा आवाज

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते. सकाळी मंगल कार्यालयात कॅमेरा लावला, गुरुजींना कॉलर माइक लावला, हेडफोनमध्ये आवाज स्वच्छ. पुण्याहवाचन, सीमांतपूजन सगळं नीट रेकॉर्ड झालं. मुहूर्त आला, अंतरपाट धरला, पाहुणे उठून बोहल्याभोवती जमले आणि नेमका तेव्हा आवाज तुकड्यातुकड्यांनी यायला लागला. पंगती बसल्या तेव्हा पुन्हा सगळं ठीक. मग माइक खराब आहे असं ठरतं, दुसरा घेतला जातो आणि पुढच्या मुहूर्तावर तेच होतं.

कीर्तनात हेच होतं. बुवा पूर्वरंगात बोलत असतात तोवर आवाज येतो, मंडप भरला की तुटतो. व्याख्यानमालेत पहिली वीस मिनिटं बरी जातात, मग मागच्या रांगांसाठी खुर्च्या वाढतात आणि खरखर सुरू होते. मी लग्नं, कीर्तनं आणि मुलाखती शूट करतो, आणि या कामात मला सगळ्यात जास्त जपावीशी वाटते ती आवाजाची बाजू. चित्र थोडं हललं तर घरचे लोक समजून घेतात. आजोबांनी स्वतः म्हटलेल्या मंगलाष्टकाचं अर्धं कडवं गेलं तर ते पुन्हा म्हणून घेता येत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. अशा दहातल्या बहुतेक तक्रारींमध्ये माइक ठीक असतो. माइकचा आवाज हवेतून पकडणारी डबी, म्हणजे रिसीव्हर, चुकीच्या जागी असतो, म्हणजे कॅमेऱ्यावर. कॅमेरा लांब आणि गर्दीच्या मागे उभा असतो, म्हणून रिसीव्हरही तिथेच अडकतो. तो कॅमेऱ्यावरून काढून बोलणाऱ्या माणसाच्या जवळ आणि उंचावर नेला की निम्मा त्रास संपतो. पण त्याआधी दोष खरंच हवेतला आहे की वायरीतला, हे ओळखायला हवं. नाहीतर स्टँड उंच करत बसाल आणि पिन सैल निघेल.

दोष कुठला, हे आधी कानाने ओळखा

‘आवाज तुटतो’ या दोन शब्दांत निदान सात-आठ वेगवेगळे दोष लपलेले असतात. 2.4 गिगाहर्ट्‌झवर चालणारे छोटे डिजिटल सेट, म्हणजे रोड कंपनीचा वायरलेस गो, डीजेआयचे माइक, हॉलीलँडचा लार्क वगैरे, सिग्नल गेला की शब्द कापल्यासारखा गायब करतात. मध्ये खरखर नसते, फक्त शांतता असते. फार तर एखादं अक्षर गुळगुळल्यासारखं येतं. याउलट सेन्हायझर ईडब्ल्यू 100 मालिकेतले सेट यूएचएफ पट्ट्यावर अ‍ॅनालॉग पद्धतीने चालतात. त्यांचा सिग्नल ढळला की आधी ‘श्श्श’ वाढतं, मग फसफस, मग स्क्वेल्च (सिग्नल फार अशक्त झाला की आवाज तोडणारी सोय) आवाज बंद करतो. म्हणजे डिजिटल सेटवर सतत खरखर ऐकू येत असेल तर ती बहुधा हवेतली नाही. पिन, वायर किंवा लेव्हलचं ते काम.

एकसुरी घूं ऐकू येत असेल तर तो विजेचा 50 हर्ट्‌झचा हम. कॅमेरा अ‍ॅडॉप्टरवर चालू आहे का आणि साउंडवाल्याच्या मिक्सरमधून फीड घेतली आहे का, ते बघा. दोन्ही एकदम असेल तर अर्थिंगचा फेरा तयार होतो. कॅमेरा बॅटरीवर घ्या. तेवढ्याने गेला नाही तर फीडच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. ‘डिग-डिग-डिग’ असा ठेका आला तर जवळपास 2जी वर बोलणारा किंवा टॉवर शोधणारा फोन आहे. जीएसएम फोन सेकंदाला साधारण 217 वेळा ठोके देत प्रक्षेपण करतो आणि ते ठोके माइकच्या बारीक वायरीत शिरतात. फोन एक-दोन हात लांब नेला की हा आवाज जातो.

आता परीक्षा. ट्रान्समीटर, म्हणजे माइकची अंगावर लावायची डबी, चालू ठेवून रिसीव्हरपासून साधारण एक मीटरवर आणा, मध्ये कोणी उभं नको, आणि बोलत राहा. अगदी चिकटवून धरू नका, काही रिसीव्हर इतक्या जवळच्या सिग्नलने दबून जातात. दोष तसाच राहिला तर हवेचा संबंध नाही. दोष गेला तर तो हवेतलाच होता. मग दुसरी पायरी: रिसीव्हरच्या आउटपुटला थेट इअरफोन लावा. हेडफोनची वेगळी सोय नसली तरी बारीक आवाजात ऐकू येतं. तिथे स्वच्छ आणि कॅमेऱ्यात खराब, तर दोष वायर किंवा कॅमेऱ्याच्या सेटिंगचा. तिथेही खराब, तर माइकची कॅप्सूल (आवाज टिपणारं टोक), तिची वायर किंवा ट्रान्समीटरचा गेन (आवाज किती वाढवायचा ते सेटिंग). माइकची वायर पिनेपाशी आणि क्लिपपाशी बोटांनी हळूच वाकवा, कारण ती बहुतेक वेळा या दोन ठिकाणी आतून तुटते. एवढ्याला पाच मिनिटंही लागत नाहीत आणि कुठली वस्तू दुरुस्तीला द्यायची हे कळतं.

गर्दी झाली की असं का होतं

2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्‌झ एवढाच आहे. भारतात आणि इतर बहुतेक देशांत तो परवान्याशिवाय वापरता येतो, म्हणून सगळेच तिथे असतात: वायफाय, ब्लूटूथ, ड्रोनचे रिमोट, कार्यालयाच्या स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह. वायफायचा एक चॅनेल साधारण 20 मेगाहर्ट्‌झ जागा व्यापतो, त्यामुळे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच उरतात, 1, 6 आणि 11. सकाळी आठ वाजता कार्यालयात एक राउटर आणि चार फोन असतात. मुहूर्ताला तीनशे पाहुणे, तेवढेच फोन, त्यातल्या कित्येकांच्या कानात वायरलेस इअरबड आणि मनगटावर घड्याळ, आणि पुण्या-मुंबईच्या भावंडांना थेट दाखवायला कोणीतरी हॉटस्पॉट चालू केलेला.

गोंगाट हा निम्माच भाग झाला. उरलेला भाग माणसांच्या शरीराचा आहे. शरीरात पाणी भरपूर, आणि पाणी या लहरी चांगल्याच शोषतं. शिवाय 2.4 गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे माणसाचं धड तिच्यासमोर भिंतच. 550 मेगाहर्ट्‌झच्या यूएचएफ लहरीची लांबी सुमारे 54 सेंटिमीटर असते. ती माणसाला वळसा घालून थोडी तरी पुढे जाते, म्हणून गर्दीत यूएचएफ सेट जास्त टिकतो. खोक्यावर लिहिलेलं 200 किंवा 250 मीटर हे अंतर मोकळ्या मैदानात, मध्ये काहीही नसताना मोजलेलं असतं. ते खोटं नाही, पण बोहल्याजवळ त्याचा उपयोग नाही. तिथे गुरुजींच्या कमरेला ट्रान्समीटर, त्यांच्यासमोर अंतरपाट धरणारे, त्यांच्यामागे मामा, त्यांच्यामागे फोन वर धरलेली वीस मुलं आणि सगळ्यांच्या मागे तुमचा कॅमेरा, छातीच्या उंचीवर.

सिग्नल एकीकडे अशक्त होतो आणि दुसरीकडे गोंगाट वाढतो. दोन्ही एकाच क्षणी, म्हणून रिहर्सलमध्ये याचा पत्ताच लागत नाही.

रिकाम्या हॉलमध्ये खरी चाचणी घ्यायची असेल तर अशी घ्या. सोबत्याला ट्रान्समीटर लावा आणि प्रत्यक्ष असणार त्याच्या तिप्पट अंतरावर पाठवा. तिथे त्याला कॅमेऱ्याकडे पाठ करायला सांगा, दोन्ही तळवे ट्रान्समीटरभोवती धरू द्या आणि आकडे मोजायला लावा. एकही आकडा तुटला नाही तर गर्दीसाठी थोडी शिल्लक आहे असं धरा. तुटला तर ती व्यवस्था मुहूर्ताला टिकणार नाही.

रिसीव्हर माणसाजवळ न्या, वायर कॅमेऱ्यापर्यंत आणा

मोकळ्या हवेत अंतर निम्मं केलं की सिग्नल 6 डेसिबलने वाढतो. वीस मीटरवरून पाच मीटरवर आलात तर 12 डेसिबल. कुठल्याही महागड्या सेटने इतका फरक पडणार नाही. म्हणून कॅमेऱ्याच्या शूवरचा, म्हणजे डोक्यावरच्या खाचेतला, रिसीव्हर काढा. बोहल्याच्या बाजूला सजावटीच्या खांबाआड लाइटचा साधा स्टँड उभा करा आणि रिसीव्हर सात-आठ फुटांवर बांधा, म्हणजे उभ्या माणसांच्या डोक्यांच्या वर. त्याला बोलणाऱ्याची छाती दिसली पाहिजे. लोखंडी खांबाला मात्र चिकटवू नका, धातूपासून हातभर अंतर ठेवा. पत्र्याच्या शेडच्या कार्यालयात लहरी छपरावर आपटून परततात आणि काही जागी एकमेकींना मारतात. 2.4 गिगाहर्ट्‌झवर अशा मेलेल्या जागा साधारण सहा-सहा सेंटिमीटरवर असतात. त्यामुळे सगळं बरोबर असूनही एखाद्या जागी आवाज तुटत असेल तर रिसीव्हर वीतभर सरकवून बघा. बऱ्याचदा तेवढंच पुरतं.

आता स्टँडपासून कॅमेऱ्यापर्यंत आवाज कसा आणायचा? मला सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे आणायचाच नाही. त्याच स्टँडवर छोटा रेकॉर्डर बांधा, रिसीव्हरची पिन त्यात घाला आणि नंतर एडिटमध्ये जुळवा. लोक पायात येत नाहीत, वायर कोणी ओढत नाही. लाइव्ह चालू असेल तर वायर लागतेच. मग कॅननची, म्हणजे तीन पिनांच्या एक्सएलआर कनेक्टरची, बॅलन्स्ड वायर टाका, स्टँडजवळ डीआय बॉक्स (साधा आवाज बॅलन्स्ड करणारी पेटी) आणि कॅमेऱ्याजवळ कॅननचं इनपुट असू द्या. लांब ईपी (इअरफोनसारख्या बारीक पिनेचं) एक्स्टेन्शनच टाकायचं असेल तर रिसीव्हरचं आउटपुट शक्य तितकं जास्त ठेवा आणि कॅमेऱ्याचं इनपुट कमी करा. वायरीत आवाजच मोठा असला की वाटेत शिरलेला हम त्यामानाने दबतो. वायर जमिनीला टेपने चिकटवा, अक्षता टाकायला मागची रांग पुढे धावते तेव्हा ती कोणाच्याही पायात येऊ शकते.

ट्रान्समीटर अंगावर कुठे आहे, यानेही मोठा फरक पडतो. तो पाठीवर कमरेला असेल आणि रिसीव्हर समोर, तर पहिला अडथळा बोलणारा माणूस स्वतःच. रिसीव्हरच्या बाजूला असलेल्या खिशात किंवा उपरण्याखाली पुढच्या बाजूला लावा. त्याच खिशातला फोन काढून घ्या. नुसता सायलेंट करून उपयोग नाही. गुरुजींना नीट सांगितलं की ते देतात, पंचांग फोनमध्ये बघायचं असलं तर फ्लाइट मोडवर. कीर्तनकारांच्या बाबतीत घामाचाही विचार करा. ट्रान्समीटर छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांधला तर चालतो, प्लास्टिकने सिग्नल अडत नाही. कॅप्सूलच्या जाळीत घाम गेला तर आवाज कोंदट होतो आणि वाळल्यावर परत येतो. म्हणून आख्यान सुरू होण्यापूर्वी दुसरा माइक तयार ठेवलेला बरा.

आपल्याच कॅमेऱ्यावरचे गोंगाट करणारे

रिसीव्हर कॅमेऱ्यावरच ठेवावा लागत असेल तर आधी घरातले उपद्रवी बंद करा. कॅमेऱ्याचं स्वतःचं वायफाय आणि ब्लूटूथ, ज्याने फोनवर फोटो जातात, ते शूपासून दोन-चार सेंटिमीटरवर चालू असतं. मेनूत जाऊन बंद करा. गिम्बलचा ब्लूटूथ रिमोट, घड्याळ, सोबत्याचा हॉटस्पॉट यांचंही तेच. मॉनिटरवर चित्र पाठवणारे बहुतेक वायरलेस व्हिडिओ सेट 5 गिगाहर्ट्‌झवर चालतात, त्यांचा त्रास कमी. पण विकत घेताना पट्टा वाचा.

सहसा लक्षात न येणारी एक गोष्ट आहे: यूएसबी 3. इंटेलने 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका टिपणात दाखवलं होतं की यूएसबी 3.0 ची वायर आणि उपकरणं चालू असताना त्यांच्यातून 2.4 ते 2.5 गिगाहर्ट्‌झच्या भागात गोंगाट बाहेर पडतो. आजकाल बरेच जण कॅमेऱ्यातून थेट एसएसडीवर रेकॉर्ड करतात, आणि ती एसएसडी केजला (कॅमेऱ्याभोवतीच्या धातूच्या चौकटीला), रिसीव्हरच्या शेजारीच बांधलेली असते. रेकॉर्डिंग सुरू केलं की आवाज तुटतो, थांबवलं की बरा होतो, असं दिसलं तर रिसीव्हर हातभर लांब न्या आणि यूएसबीची वायर चांगल्या शील्डची, आखूड वापरा. स्वस्त एलईडी लाइटचीही अशीच परीक्षा घ्या. लाइट बंद-चालू करून फरक पडतो का ते ऐका.

पिना आणि वायर

कॅमेऱ्याला तीन भागांची ईपी स्टीरिओ पिन लागते, दोन काळ्या पट्ट्यांची. मोबाइलला चार भागांची, तीन पट्ट्यांची. मोबाइलसाठी आलेली वायर कॅमेऱ्यात घातली तर आवाज येतच नाही किंवा अतिशय बारीक येतो. दोन्ही वायरी पेटीत शेजारी पडलेल्या असतात, म्हणून एकीवर रंगीत टेप चिकटवा. रोड कंपनी चार भागांच्या पिनेला करडा रंग देते, ते चांगलं आहे. माइकची पिन कॅमेऱ्याच्या हेडफोनच्या भोकात गेली नाही ना, हेही बघा. पिन भोकात पूर्ण बसलीय का हे केजमुळे बऱ्याच वेळा दिसत नाही.

यापेक्षा फसवा दोष म्हणजे ‘कॉम्प्युटरवर आवाज आहे, नवरीच्या भावाच्या मोबाइलवर नाही.’ हे कॅनन ते ईपी अशा चुकीच्या वायरीने होतं. बॅलन्स्ड आउटपुटमध्ये पिन 2 आणि पिन 3 वर एकच आवाज उलट-सुलट असतो. दुकानात बनवलेल्या काही वायरींत पिन 2 डाव्या बाजूला आणि पिन 3 उजव्या बाजूला जोडलेली असते. हेडफोनमध्ये आवाज जरा पोकळ, डोक्याच्या बाहेरून आल्यासारखा वाटतो, पण येतो. मोबाइलचा एकच स्पीकर दोन्ही बाजू मिळवतो तेव्हा त्या एकमेकींना खातात आणि बोलणं नाहीसं होतं. शूट आधीच झालं असेल तर घाबरू नका. टाइमलाइनवर एकच चॅनेल ठेवा, तोच दोन्हीकडे द्या. आवाज शाबूत असतो.

उलट दिशेनेही हेच घडतं. छोट्या रिसीव्हरच्या ईपी पिनेतून डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना एकसारखा आवाज येतो. तो साध्या ईपी ते कॅनन वायरीने मोठ्या कॅमेऱ्याच्या बॅलन्स्ड इनपुटात घातला तर कॅमेरा एक बाजू दुसरीतून वजा करतो आणि जवळपास काहीच उरत नाही. इथे डावी बाजू पिन 2 वर आणि पिन 1 व 3 ग्राउंडला, अशी वायर लागते. सोल्डरिंग करणाऱ्याला एवढंच लिहून द्या. आणि कॅननवाल्या कॅमेऱ्यात 48 व्होल्टचा फँटम (वायरीतून माइकला दिली जाणारी वीज) बंद ठेवा, रिसीव्हरला तो नको असतो.

सेन्हायझरच्या ईके 100 प्रकारच्या कॅमेरा रिसीव्हरबद्दल एक उपयोगी गोष्ट: त्याच्या आउटपुट वायरीचं शील्डच दुसऱ्या अँटेनाचं काम करतं. ती वायर नीट दिसावी म्हणून रिसीव्हरभोवती गुंडाळून रबरबँड लावला की एक अँटेना गेला. तिला थोडी मोकळी लोंबू द्या.

लेव्हल

आवाज फाटत असेल तर तो कुठे फाटला हे वेव्हफॉर्म, म्हणजे एडिटमध्ये दिसणारा आवाजाचा आलेख, बघून कळतं. टाइमलाइनवर शेंडे वरच्या रेघेला टेकून कापलेले असतील तर कॅमेऱ्यात फाटला. शेंडे रेघेच्या बरेच खाली असून सपाट असतील तर आधीच, म्हणजे ट्रान्समीटरमध्ये. अशा वेळी कॅमेऱ्याची लेव्हल कितीही कमी केली तरी फाटलेला आवाज फक्त बारीक होतो. ट्रान्समीटरचा गेन उतरवा, आणि तो ठरवताना माणसाला ‘हॅलो, माइक चेक’ म्हणायला लावू नका. गुरुजींना ‘सावधान’ म्हणायला सांगा, बुवांना अभंगाची एक ओळ वरच्या पट्टीत. चाचणीच्या आवाजाला आणि खऱ्या आवाजाला फार अंतर असतं.

कॅमेऱ्यातली ऑटो लेव्हल बंद करा. ती चालू असली की माणूस श्वास घ्यायला थांबतो तेव्हा कॅमेरा आवाज उचलतो, आणि पंख्याची, जनरेटरची घरघर वर येते. त्यानंतरचा पहिला शब्द दणका देतो. याला बरेच जण माइकची खरखर समजतात. मॅन्युअलवर घ्या, कॅमेऱ्याची लेव्हल अगदी खालच्या एक-दोन घरांवर ठेवा आणि रिसीव्हरचं आउटपुट वाढवून बोलणं साधारण उणे 12 डेसिबलच्या आसपास आणा. कॅमेऱ्यांतले माइक अ‍ॅम्प्लिफायर सहसा साधे असतात. त्यांच्यावर कमी काम टाकलं की मागचा ‘श्श्श’ कमी होतो.

पैठणी, मंगळसूत्र आणि खळ

मुलाखतीत आणि घरच्या कार्यात कपड्याची सळसळ हा मोठा त्रास आहे, आणि तो एडिटमध्ये नीट निघत नाही. पैठणीचा काठ कडक असतो, पदर हलला की कॅप्सूलवर घासतो. मंगळसूत्र तर माइकच्याच उंचीवर लोंबतं, प्रत्येक श्वासाला वाटी क्लिपवर आपटते. बाईंना दागिना काढायला सांगू नये. माइक खांद्याच्या बाजूला, पदराच्या पिनेजवळ सरकवा, जिथे कापड दोनदा बांधलेलं असतं आणि हलत नाही. अंगाला हात लावायचं काम घरातल्या बाईकडे द्या, तिला कुठे लावायचं ते स्वतःच्या शर्टवर दाखवा. खळ घातलेल्या खादीच्या सदऱ्यावर माइक कापडाच्या आत लपवू नका, बाहेर क्लिप लावा, हनुवटीखाली साधारण एक वीत. वायरीला क्लिपच्या खाली एक सैल वळसा द्या आणि मायक्रोपोर टेपने कापडाच्या आत चिकटवा, म्हणजे कमरेकडून आलेला ओढीचा आवाज वर चढत नाही.

यूएचएफ सेट असेल तर

सेट वापरणार त्याच जागी, त्याच वेळी स्कॅन करा आणि स्कॅन करताना आपले सगळे ट्रान्समीटर बंद ठेवा. नाहीतर रिसीव्हर आपल्याच माइकला परका समजून ती फ्रीक्वेन्सी टाळतो. कार्यालयाचे कॉर्डलेस माइक, संध्याकाळच्या ऑर्केस्ट्राचे माइक, शेजारच्या लॉनवरचे माइक, सगळे चालू असू द्या. साउंडवाल्याला जाऊन त्याच्या फ्रीक्वेन्सी विचारा. तो खूश होतो, कारण त्यालाही तोच त्रास असतो.

दोनपेक्षा जास्त माइक लावताना फ्रीक्वेन्सी समान अंतरावर ठेवू नका. 550 आणि 551 मेगाहर्ट्‌झवर दोन ट्रान्समीटर जवळजवळ चालू असले की त्यांच्या मिश्रणातून 549 आणि 552 वर भुतं तयार होतात. तिसरा माइक 552 वर ठेवलात तर तो एकटा असताना छान चालेल आणि तिघे एकत्र आले की तुटेल. कंपनीने बँकेत (एकत्र चालतील अशा चॅनेलच्या गटात) आखून दिलेले चॅनेल याच हिशोबाने निवडलेले असतात, म्हणून सगळे माइक एकाच बँकेतून घ्या.

परदेशातून आलेला जुना सेट स्वस्तात मिळत असेल तर आधी त्याचा पट्टा वाचा. भारतात 2022 च्या लिलावात 700 मेगाहर्ट्‌झचा पट्टा जिओने घेतला आणि त्यावर 5जी चालतं. 703 ते 748 आणि 758 ते 803 मेगाहर्ट्‌झ या भागातला सेट घेऊन टॉवरशी झुंजावं लागेल. अमेरिकेत 700 मेगाहर्ट्‌झमधले माइक 2010 मध्येच बंद करावे लागले होते, त्यामुळे तिकडून बाहेर पडलेले असे सेट बाजारात फिरत असतात.

सेल

गेटवरच्या दुकानातले रिमोटचे साधे पेन्सिल सेल वापरू नका, ट्रान्समीटरला लागणारा करंट ते फार वेळ देऊ शकत नाहीत. अल्कलाइन किंवा चांगले रिचार्जेबल घ्या. रिचार्जेबल सेल 1.2 व्होल्टचा असतो, त्यामुळे मेनूत सेलचा प्रकार निवडता येत असेल तर निवडा, नाहीतर बॅटरीची पट्टी चुकीची दिसते. मुहूर्ताच्या आधी सेल बदला, पट्टी कितीही दाखवत असो. आत कायमची बॅटरी असलेले छोटे सेट दोन-तीन वर्षांनी नव्यासारखे टिकत नाहीत. घरी एकदा पूर्ण चार्ज करून बंद पडेपर्यंत चालवा आणि वेळ मोजा.

हवेवर विसंबू नका: ट्रान्समीटरमधलं रेकॉर्डिंग

एवढं करूनही हवा हवाच आहे. पुन्हा न होणाऱ्या प्रसंगासाठी मी ट्रान्समीटरच्या आत रेकॉर्डिंग होणारा सेट वापरावा असं आग्रहाने सांगेन. पहिल्या वायरलेस गोमध्ये ही सोय नव्हती, गो 2 मध्ये आहे. डीजेआय माइक आणि माइक 2 मध्ये आहे, माइक मिनीमध्ये नाही. हॉलीलँड लार्क एम 2 मध्ये नाही. गो 2 मध्ये ती आधी कंपनीच्या अ‍ॅपमधून चालू करावी लागते. खोक्यावर वाचलं म्हणून चालू असेल असं धरू नका. डीजेआय माइक 2 आणि रोडचा वायरलेस प्रो आत 32 बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड करतात, तिथे लेव्हल चुकून जास्त आली तरी ती एडिटमध्ये खाली आणता येते, अट एवढीच की कॅप्सूल स्वतः फाटलेली नसावी. शूटच्या आदल्या रात्री जुन्या फाइल उतरवून मेमरी मोकळी करा आणि ट्रान्समीटरची तारीख-वेळ लावा, नाहीतर नंतर कुठली फाइल सीमांतपूजनाची आणि कुठली मंगलाष्टकांची हे शोधण्यात रात्र जाते.

जुळवताना एक अडचण येते. दोन उपकरणांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. दहा लाखांत दहा भागांचा फरक असला तरी तासाभरात 36 मिलिसेकंदांचा फरक पडतो. 25 फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची असते. सुरुवातीला ओठ जुळलेले आणि तासाभराने किंचित सरकलेले दिसतात ते यामुळे. सुरुवातीला एक टाळी घ्या आणि शेवटी एक घ्या, दोन्हींच्या मधली लांबी बघून क्लिप तेवढी ताणा किंवा आवळा. शेवटची टाळी घ्यायची राहिली तर हरकत नाही. मंगलाष्टकं संपताच वाजंत्री सुरू होते, ताशाची पहिली थाप दोन्ही फाइलमध्ये अगदी स्पष्ट उमटलेली असते. तिच्यावर जुळवा.